बेटावरचं भेट कलम

श्रावण लागला की पालीजवळच्या आमच्या रोपवाटिकेत कोय कलमांची घाई उडते. पत्र्याच्या शेडखाली माणसं ओळीने बसतात, पुढ्यात आंब्याची नुकती उगवलेली तांबूस रोपं आणि बाजूला चांगल्या झाडांवरून तोडून आणलेल्या काड्यांच्या जुड्या. रोपाचं डोकं उडवायचं, खाच पाडायची, काडी बसवायची, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, की पुढचं रोप. बाहेर पागोळ्या, आत गप्पा, आणि चिकाचा, ओल्या मातीचा, चहाचा एकत्र वास. मी रोज दुपारी तिथे जाऊन बसते. निवृत्त शिक्षिकेला कोणी नको म्हणत नाही, म्हटलं तरी ती ऐकत नाही. पण गेली तीन वर्षं त्या शेडमध्ये बसलं की माझ्या नाकाला भलताच वास येतो. मधमाशीच्या मेणात बुडवलेल्या जुन्या चादरीच्या चिंध्यांचा. तो वास पालीचा नाही. तो हजारो मैलांवरच्या एका तळ्यातल्या बेटाचा आहे, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या उन्हाळ्याचा.

उन्हाळा म्हणते खरी, पण तिथल्या उन्हाळ्याला ऊन असं फारसं नव्हतंच. त्याबद्दल पुढे सांगायचंच आहे, कारण त्या उन्हानेच माझी फजिती केली.

माझी लेक मेधा जर्मनीच्या दक्षिण टोकाला, एका मोठ्या तळ्याच्या काठी राहते. जावईबापूंचं ऑफिस तिथे जवळच, तिचंही तिथेच. त्या वर्षी मी तिच्याकडे गेले ती मेच्या मध्यावर, आणि व्हिसा होता नव्वद दिवसांचा. म्हणजे जन्मात पहिल्यांदा मी कोकणातला अख्खा पाऊस चुकवणार होते. साठी उलटलेल्या बाईला असं काही चुकवल्याचं थोडं अपराधी वाटतं आणि थोडी गंमतही वाटते. सकाळी आठला दोघं कामाला जात आणि मग मी, एक स्वच्छ स्वयंपाकघर आणि समोर तळं. भांडी घासायला यंत्र, कपडे धुवायला यंत्र. दोन दिवसांत मी कंटाळले. तिसऱ्या दिवशी मेधाने मला बोटीचा पास काढून दिला आणि म्हणाली, "आई, समोर बेट दिसतंय ना, तिथे जाऊन ये. तिथे गाड्या नाहीत, हरवायची भीती नाही."

गाड्या नाहीत म्हणजे खरंच नाहीत. बेट केवढं, तर आमची पालीची बाजारपेठ संपायच्या आत ते संपतं. लोक सामान हातगाडीवरून नेतात. पोस्टमन चालतो. म्हातारी माणसं रस्त्याच्या मधोमध थांबून सावकाश गप्पा मारतात, कारण त्यांना बाजूला व्हायला सांगणारं कोणी येतच नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघत होते. डावीकडे एक बदक होतं.

आमच्याकडे तेव्हा हायवेचं चौपदरीकरण चालू होतं. घराच्या कौलांवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या परकरावर तांबडी धूळ, आणि दिवसभर यंत्रांची घरघर. त्या रुंदीकरणात तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आंब्याचं जुनं झाड गेलं. आमच्या रोपवाटिकेतली निम्मी कलमं ज्याच्या अंगाखांद्यावर तयार झाली ते झाड. दादा, माझा थोरला भाऊ, म्हणाला होता की त्याच्या काड्या घेऊ, घेऊ, आणि मग एका सकाळी झाड आडवं होतं. दादा त्या दिवशी जेवला नाही. त्याला बोल लावायचा मला अधिकार नव्हता, का ते पुढे कळेल.

तर त्या बेटावर एक मठ आहे. हजाराहून अधिक वर्षं तिथे जोगिणी राहतात, म्हणजे त्यांच्या धर्माच्या सिस्टर. चर्चपासून वेगळा उभा असलेला घंटेचा जाडजूड मनोरा, त्याच्या डोक्यावर कांद्यासारखा घुमट, भोवती लिंडेनची झाडं, काठावर होड्या. मासे धुरावर भाजून विकतात त्याचा वास सगळीकडे. रत्नागिरीच्या माणसाने मासा दिसल्यावर घेतला नाही असं होत नाही, म्हणून मीही घेतला. गोड्या पाण्यातला मासा. खाल्ला. त्याबद्दल अधिक न बोललेलं बरं, यजमानांचा मान ठेवावा. बेटाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, त्या सिस्टरना आधीच गर्दीचा त्रास आहे.

मठाच्या बागेत सगळ्यांना जाता येत नाही, पण कुंपणाच्या फाटकातून आत दिसतं. तिथे दक्षिणेकडे तोंड करून एक दगडी भिंत होती आणि तिला पाठ टेकवून, हात पसरून उभं असल्यासारखं एक नाशपातीचं झाड. असं भिंतीला चिकटवून वाढवलेलं झाड मी पहिल्यांदाच बघत होते. खोड पोखरलेलं, साल गळलेली, एकच फांदी जिवंत, आणि तिच्यावर मूठभर पानं. झाडाखाली एक उंच, वाकलेल्या सिस्टर एप्रन बांधून उभ्या होत्या आणि झाडाकडे ज्या नजरेने बघत होत्या ती नजर मला ओळखीची होती. दादा आडव्या पडलेल्या आंब्याकडे तसाच बघत होता.

मी फाटकाशी रेंगाळले. त्यांनी विचारलं, काही हवंय का. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच होतं, म्हणजे दोघींनाही घाई नव्हती. सिस्टर हिल्डे त्यांचं नाव. वय पंचाहत्तरीच्या पुढे. एकोणिसाव्या वर्षी मठात आल्या तेव्हापासून बागेत. झाडाच्या जातीचं नाव कोणालाच माहीत नाही. फळ लहान, कडक, तपकिरी, नुसतं खाल्लं तर दात शिवशिवतील, पण नाताळात लवंग घालून शिजवलं की मठाचं सगळं आवार घमघमतं. भिंतीला फुगवटा आला होता. ती दगड दगड उतरवून पुन्हा बांधायची होती. काम सप्टेंबरात सुरू होणार होतं आणि त्याआधी झाड तोडणार होते. सिस्टरनी दोन हिवाळे काड्या घेऊन कलमं केली होती, नुसता डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, सालीत बसवूनही पाहिला होता. एकही धरलं नाही. झाडात जोरच नव्हता, तोडलेली काडी चार दिवस तग धरत नव्हती. आता कलमाचा मोसमही गेला होता. हे सगळं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं आणि मग एप्रनला हात पुसत राहिल्या, हात कोरडे होते तरी.

आणि मी म्हणून गेले, "काडी तोडायचीच नाही. आमच्याकडे न तोडता करतात."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

भेट कलम म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता आमच्याकडेही नव्या पोरांना ते ऐकूनच माहीत. कोय कलमात काडी झाडापासून तोडून आणतात आणि रोपाच्या डोक्यावर बसवतात. भेट कलमात कोणी कोणाला तोडत नाही. कुंडीतलं रोप उचलून थेट मोठ्या झाडापाशी न्यायचं आणि फांदीच्या उंचीवर मांडव घालून तिथे ठेवायचं. रोपाच्या खोडाची आणि त्या फांदीची चार बोटं साल तासायची, त्या दोन उघड्या जागा एकमेकींना लावून घट्ट बांधायच्या. रोप आपल्या मुळांवर जगतं, फांदी आपल्या आईवर. अडीच महिन्यांत जोड पक्का झाला की फांदी आईपासून कापायची, एकदम नाही, तीन कापांत. खटाटोप फार, जागा फार, म्हणून दादाने तात्यांच्या माघारी ते बंद केलं. धंद्याच्या हिशेबाने बरोबरच केलं म्हणा.

सिस्टर हिल्डेंनी ऐकलं. मग मला फाटकाच्या आत घेतलं. विचारलं, "तुम्ही अशी किती केली आहेत?"

मी म्हटलं, "आमचं घरच कलमवाल्यांचं."

हे खोटं नव्हतं. पण उत्तरही नव्हतं. खरं उत्तर होतं, एकही नाही.

आमच्या लहानपणी मांडवावरच्या कुंड्यांना पाणी घालणं माझ्याकडे होतं. पावसाने उघडीप दिली की दिवसातून दोनदा, पुढे भाद्रपदात, आश्विनात तर रोजच दोनदा. कळशी कमरेवर घेऊन शिडी चढायची, कुंडी-कुंडीत तांब्याने पाणी सोडायचं, एक थेंब बांधलेल्या जोडावर पडता कामा नये. तिथे वर बसून मी धाकूदाचे हात बघायचे. धाकूदा आमचा मुख्य कलमकार, काळा, काटकुळा, तोंडात कायम पान. त्याची सुरी सालीतून जाई तेव्हा आवाज होत नसे. मी आठवीत असताना एकदा म्हटलं, मलाही एक बांधू दे. तो सुरी पुसत म्हणाला, "बाय, बाईच्या हाताचा कलम धरत न्हाय. तू आपला पानी घाल." तात्या शेजारीच होते. ते हसले. रागावून नव्हे, प्रेमानेच हसले. त्यामुळे मला रागही धरता आला नाही. पुढे मी शिक्षिका झाले, पोरांना भूगोल शिकवला, तीस वर्षांत कित्येकदा रोपवाटिकेत गेले, पण सुरी मागितली नाही. शेडमध्येही तेव्हा काप गडी द्यायचे आणि बाया पट्ट्या गुंडाळायच्या. असंच असतं म्हणून असंच होतं.

त्या संध्याकाळी मेधाला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, "आई, त्यांचं ते शेवटचं झाड आहे. जमेल ना नक्की?" मी म्हटलं, बघून-बघून माणूस स्वयंपाक शिकतो, हे का नाही. ती म्हणाली की तू स्वयंपाक बिघडवून-बिघडवून शिकलीस असं आजी सांगायची. लेकींना नको त्या गोष्टी बरोबर लक्षात राहतात.

पण मला आता मागे फिरायचं नव्हतं. झाड वाचावं असं वाटत होतं हे तर खरंच. त्याच्याही आत, धाकूदाचं ते वाक्य पन्नास वर्षं माझ्याजवळ पडून होतं, आणि ते खरं की खोटं हे कळायची ही एकच वेळ होती. चुकलं असतं तर झाड गेलं असतं आणि वाक्य खरं ठरलं असतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात बांधलं. सिस्टरनी काठावरच्या एका नर्सरीतून नाशपातीचं रोप कुंडीत आणलं होतं. मठाच्या सुतारकामातल्या फळ्यांचा मांडव आम्ही दोघींनीच ठोकला. बांधायला आमच्याकडे पूर्वी केळीच्या खोडाचं सोललेलं सोपट आणि मेणकापड असे. इथे केळ कुठली. पण मठात मेणबत्त्या करतात. सिस्टरनी जुनी चादर फाडून तिच्या पट्ट्या वितळलेल्या मेणात बुडवून आणल्या, अजून कोमट होत्या. तोच तो वास.

सुरी हातात घेतली आणि मला आठवलं की आधी गाऱ्हाणं घालायला हवं. आमच्याकडे मोसमातल्या पहिल्या कलमाआधी झाडाच्या मुळाशी नारळ ठेवून धाकूदा देवाला हाक मारायचा आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. मेधाने गावातल्या दुकानातून नारळ आणून दिला होता, तोही शेंडी तासलेला, अगदी बोडका. देवाने चालवून घ्यावा. मी तो मुळाशी ठेवला, सिस्टरना म्हटलं की ही आमची प्रार्थना, आणि धाकूदाच्याच शब्दांत सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या झाडाला हात लावतंय. परका गाव हाय, परकी माती हाय." मी थांबले. कोणीतरी काही म्हणायला हवं होतं. सिस्टर हिल्डे डोळे मिटून म्हणाल्या, "आमेन." मी पुढे म्हटलं, "काय चुकला-माकला तर पोटात घाल, नि ह्या कलम धरूदे, म्हाराजा." पुन्हा तितक्याच ठामपणे, "आमेन." बरोबर जागेवर. शिकवायला लागलं नाही.

मग मी काप दिला. आवाज झाला. धाकूदाचा व्हायचा नाही, माझा झाला. दुसरा काप बरा गेला. उघड्या जागा एकमेकींना लावल्या, साल सालीला भिडवली, मेणाची पट्टी ओढून-ओढून गुंडाळली. गाठ घट्ट बसली.

आता माझी अक्कल ऐका. आमच्याकडे नव्या कलमाला सगळ्यात मोठं भय उन्हाचं. भाद्रपदातलं ऊन कोवळ्या पानाला भाजून काढतं, म्हणून वर नारळाच्या झावळीचे विणलेले झाप टाकतात. झाप विणणं हे बायकांचं काम, ते मला उत्तम येतं. तळ्याकाठी बोरूसारखं उंच गवत कापून टाकलेलं होतं. मी दोन दिवस बसून त्याचे सुरेख झाप विणले आणि कुंडीवर, फांदीवर, जोडावर मस्त छप्पर केलं. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. मी खूश.

रोज दहाच्या बोटीने मी जायचे, पाणी घालायचे, छप्पर नीट करायचे. मठाच्या घंटेवर दिवसाचे तुकडे पडत. दुपारी सिस्टर प्रार्थनेला जात तेव्हा मी बाकावर बसून डबा खायचे. बेटावरच्या बायका मला ओळखू लागल्या. तिथे होड्या बायका चालवत, बाग बायका बघत, हिशेब, मेणबत्त्या, भिंतीचा ठेकेदार, सगळं बायकाच सांभाळत आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. मला वाटे. मी ते अधाशासारखं बघत बसे.

तीन आठवडे झाले. रोपाची पानं पिवळी पडू लागली. पट्टीची कड हळूच उचलून पाहिलं तर जोड कोरडा, जशाचा तसा, दोन फळ्या शेजारी ठेवाव्या तसा. चोराच्या मनात चांदणं, तसं मला वाटू लागलं की सिस्टर माझ्या हातांकडे बघताहेत. मी पाणी वाढवलं, कमी केलं, छपराला आणखी एक झाप लावला.

त्या दिवशी सिस्टर हिल्डे बराच वेळ शेजारी उभ्या राहिल्या आणि मग अगदी जपून विचारलं, "हे छप्पर, ते तुमच्या देवाचं आहे का?"

मी म्हटलं, "नाही, उन्हासाठी आहे."

त्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. आभाळ करड्या रंगाचं होतं, जूनमध्ये माझ्या अंगावर स्वेटर होता. "कुठलं ऊन?" त्या म्हणाल्या.

गाऱ्हाण्यानंतर लगेच छप्पर चढलं म्हणून त्यांना वाटलं होतं की हा त्या विधीचाच भाग. माझ्या धर्माचा मान म्हणून तीन आठवडे मठातल्या एकाही सिस्टरने त्याला हात लावला नव्हता. आणि मी, पुस्तकात रेघ मारून मुलांना अक्षांश शिकवलेली बाई, पालीचं ऊन तिथे गृहीत धरून त्यांच्या जिवंत फांदीला अंधारात कोंडून बसले होते. ती भिंत दक्षिणेकडे तोंड करून बांधली होती तीच मुळी मिळेल ते ऊन झाडाला मिळावं म्हणून. मला रडू यायला हवं होतं, पण हसू फुटलं. सिस्टरही हसल्या, एप्रन तोंडाला लावून. मग आम्ही दोघींनी मिळून माझे ते सुरेख झाप काढले. त्यातला एक त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला.

जुलैत भिंत तापायला लागली. तिला हात लावला की दुपारच्या तव्यासारखी ऊब लागे. रोपाने पिवळी पानं टाकली आणि हिरवी फोडली. जोडाच्या कडेला बारीकशी पांढरट रेघ आली, मग ती फुगली. ती पाहिली त्या दिवशी मी बोटीत सगळ्यांकडे बघून हसत होते, तिकीट तपासणाऱ्या बाईने विचारलं की वाढदिवस आहे का. पण तीन आठवडे वाया गेले ते गेलेच होते. एकीकडे व्हिसाचे दिवस आणि दुसरीकडे जोड, असा मेळ मी रोज घालत होते. तात्या म्हणायचे, कलमाला पंचांग कळत नाही. त्यांचा व्हिसा नव्हता.

ऑगस्ट लागल्यावर पहिला काप दिला, फांदीच्या चौथाईपर्यंत. आठवड्याने दुसरा, निम्म्याहून पुढे. फांदीने तक्रार केली नाही. आणि मग एकोणनव्वदावा दिवस आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान. मेधाने सुट्टी काढली होती, घरात बॅगा अर्ध्या भरून उघड्या पडल्या होत्या.

त्या सकाळी ऊन कडक होतं, नेमकं. आमच्याकडे शोभेल असं. शेवटचा काप द्यायचा म्हणून सिस्टरनी सुरी धार करून आणली आणि माझ्या हातात दिली. मी ती घेतली आणि मला राहवलं नाही. आता फांदी आईपासून सुटणार होती, यानंतर परत काही करता येणार नव्हतं, आणि ज्या बाईने मला तीन महिने फाटकाच्या आत घेतलं तिला हे न सांगता काप देणं मला जमेना. म्हटलं, "सिस्टर, मी याआधी एकही कलम बांधलेलं नाही. मी फक्त पाणी घालायचे."

मेधा माझ्याकडे बघतच राहिली. सिस्टर हिल्डे नाही.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "बांधायच्या दिवशी तुम्ही सुरी कशी धरली ते मी पाहिलं."

"मग मला करू का दिलंत?"

त्या म्हणाल्या, "झाड तोडायचंच होतं. आणि तुम्हाला करायचं होतं. माझ्याकडे दुसरं कोणी आलं नव्हतं ज्याला इतकं करायचं होतं."

मी काप दिला. यावेळी आवाज झाला नाही. फांदी आईपासून सुटली आणि त्या पोरसवद्या रोपाच्या खांद्यावर राहिली.

आता फांदीची पानं बघायची. जोड कच्चा असेल तर दुपारच्या आत पानं मान टाकतात आणि मग काही करून उपयोग नसतो. आम्ही तिघी बाकावर बसलो. अकरा वाजता पानं ताठ. बारा वाजता ताठ. दीड वाजता वरच्या दोन पानांच्या कडा वळल्या. अडीचला ती खाली झुकली. मी उठून कुंडीत पाणी घातलं, बसले, पुन्हा उठले. मेधाने माझा हात धरला. सिस्टर प्रार्थनेला गेल्या आणि आल्या. छप्पर काढल्याचं एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वाईट वाटलं. शेवटच्या बोटीने आम्ही परतलो तेव्हा ती दोन पानं तशीच लोंबत होती आणि मेधा मला सांगत होती की आई, तू केलंस हेच खूप आहे. तिच्या आवाजावरून कळत होतं की तिने आशा सोडली. मी सोडली होती की नाही ते मलाच कळत नव्हतं. बॅगेत मसाल्याच्या रिकाम्या बरण्या कागदात गुंडाळून भरल्या, एवढं आठवतं.

सकाळी पहिल्या बोटीने गेलो. तळ्यावर धुकं होतं, मनोऱ्याचा कांदा तेवढा वर दिसत होता. फाटक उघडं होतं आणि सिस्टर हिल्डे मांडवाशी उभ्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. त्यांनी वळून पाहिलं नाही, नुसता हात मागे करून मला ये म्हणून खुणावलं.

पानं उभी होती. सगळी. कालची ती दोनही. आणि त्यांच्या बगलेत, काल नव्हता असा मी शपथेवर सांगते, तांदळाएवढा हिरवा कोंब होता. सिस्टरनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबून धरला, त्यांचे हात मेणाने गुळगुळीत झालेले होते. मी तिथे, त्या शिस्तीच्या देशात, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने हसले. दोन-तीन खिडक्या उघडल्या. उघडू देत म्हटलं.

मग मी फोन काढून दादाला लावला. पालीत तेव्हा दुपारच्या जेवणाआधीची वेळ, सगळी शेडमध्ये कामाला बसलेली. पत्र्यावरचा पाऊस फोनमधून ऐकू येत होता. दादाला मी इतके दिवस काही सांगितलं नव्हतं, फसलं तर बभ्रा नको म्हणून. त्याला सगळं धडाधड सांगितलं, नाशपाती, भिंत, मांडव, तीन काप. तो मधूनमधून हुं म्हणत होता. शेवटी म्हणाला, "भेट कलम, आणि तिथल्या हवेत धरलं? बांधलंन कोणी गो?"

"मी."

"काप?"

"तोही मीच."

मग त्याचा आवाज चढला, पण तो माझ्याशी बोलत नव्हता. फोन तसाच हातात धरून तो शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात, सुऱ्या चालवणाऱ्या आणि पट्ट्या गुंडाळणाऱ्या सगळ्यांना सांगत होता, "हात थांबवा रे जरा. आमच्या सुनंदानं भेट कलम बांधलंन. एकटीनं. आणि धरलंय."